पहिली प्रतिकृती मचव्याची करा: शिडाच्या नौका घरी बनवू पाहणाऱ्या मुंबईकरांसाठी

नौकांच्या प्रतिकृती बनवण्याच्या छंदाकडे नव्याने वळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा तीन डोलकाठ्यांची, शंभर तोफांची युरोपीय युद्धनौका असते. परदेशी किटच्या खोक्यावरचं चित्र भुरळ घालतं, भरपूर पैसे मोजून खोकं घरी येतं, शेकडो कप्प्या आणि दोऱ्यांची रिळं टेबलावर मांडली जातात आणि थोड्याच महिन्यांत सगळं माळ्यावर जाऊन बसतं. माझं सांगणं एवढंच आहे की पहिली प्रतिकृती आपल्या किनाऱ्यावरच्या होडीची किंवा मचव्याची करा.

मचव्याला एक डोलकाठी, एक शीड आणि मोजके दोर. एवढा पसारा नवख्याच्या आवाक्यात राहतो. पण खरं कारण दुसरं आहे. युरोपीय नौका बनवताना काही अडलं तर तुमच्या हातात फक्त नकाशा असतो. मचव्याचं काही अडलं तर लोकल पकडून वर्सोव्याला किंवा माहीमला जाता येतं, टेप लावता येतो आणि ज्यांनी उभं आयुष्य त्या नौकेवर काढलं त्यांना विचारता येतं. ही सोय फार दिवस राहणार नाही. शिडं इंजिनांनी कधीच उतरवली, आता लाकडाची जागा फायबर घेतं आहे. आज नीट मापं घेऊन केलेली प्रतिकृती उद्या त्या नौकेची नोंद म्हणून उपयोगी पडेल, हे मला मनापासून वाटतं.

आधी डोळे तयार करा

लाकडाला हात लावण्याआधी दोन-चार रविवार नुसतं बघण्यात घालवा. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं. तिथे होड्यांच्या जुन्या प्रतिकृती आहेत. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात सागरी वारशाचं दालन आहे. जाण्यापूर्वी दालन उघडं असल्याची चौकशी करून जा. प्रतिकृतीसमोर उभं राहिल्यावर आधी दोऱ्यांची जाडी बघा, मग फळ्यांची रुंदी, मग एखादा माणूस त्या नौकेवर उभा राहिला तर कठडा त्याच्या कुठपर्यंत येईल याचा अंदाज घ्या. हे तीन हिशेब जमले असतील तर प्रतिकृती खरी वाटते. रंग आणि कोरीवकाम नंतरचं.

मग खऱ्या नौका बघा. वरळी, माहीम, मढ, वर्सोवा, कुठल्याही कोळीवाड्यात जा. १८७५ साली सुरू झालेल्या कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये पहाटे नौका लागतात तेव्हा त्या एकमेकींना खेटून असतात, त्यामुळे पूर्ण आकार दिसत नाही. पण नाळेचा, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाचा, कोन, काठाची रुंदी, कड्या, दोर अडकवायच्या खुंट्या हे सगळं हातभर अंतरावर दिसतं. गोदी आणि नौदलाच्या परिसरात परवानगीशिवाय फोटो काढू नका. कोळीवाड्यातही आधी विचारा. कुणाचं तरी घर आणि कुणाचा तरी धंदा तिथे आहे.

प्रमाण ठरवणं

पहिल्या मचव्यासाठी १:२४ हे प्रमाण उत्तम. खरा एक फूट म्हणजे प्रतिकृतीत अर्धा इंच. ३६ फुटांचा मचवा १८ इंचांचा होतो. टेबलावर मावतो, कपाटावर ठेवता येतो. साडेपाच फुटांचा माणूस पावणेतीन इंचांचा, म्हणजे हातात धरता येईल एवढा. एक इंच जाडीचा दोर साधारण एक मिलिमीटरचा, म्हणजे बाजारात मिळणारा जाड दोरा. सगळं बोटांना झेपेल अशा मापाचं राहतं.

याच प्रमाणात दीडशे फुटांची युद्धनौका करायला घेतलीत तर ती सव्वासहा फूट होईल आणि घरातली माणसं बाहेर झोपतील. म्हणून मोठी जहाजं १:७२ किंवा १:९६ मध्ये करतात. मात्र १:९६ मध्ये तोच एक इंचाचा दोर पाव मिलिमीटरचा होतो. तशा दोऱ्यांशी झटापट पहिल्याच खेपेला नको.

किनाऱ्यावर माप घेणं

या कामाला घाई करू नका. पुढचं सगळं यावर उभं राहतं.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या, पुष्कळदा शाकारलेल्या असतात. पाऊस जोर धरण्याआधीचे जूनचे दिवस मापाला चांगले. नारळी पौर्णिमेआधी रंगरंगोटी चालू असते, तेव्हाही नौका उघड्या मिळतात. शक्यतो जमिनीवर सरळ उभी, ठोकळ्यांनी टेकवलेली नौका निवडा. एका कुशीवर कललेल्या नौकेचं माप घेणं नवख्याचं काम नाही.

नाखव्याची, म्हणजे नौकेच्या मालकाची, परवानगी हीच पहिली पायरी. "नाखवा, तुमच्या होडीची लहान प्रतिकृती करायची आहे, माप घेऊ का?" इतकं सरळ विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात आणि मग बाजूला उभं राहून मदतही करतात. वर्सोव्याच्या एका वयस्कर नाखव्यांनी माझ्या हातातला टेप बघून सांगितलं होतं, "काठावर काय मोजताय, आधी पठाण बघा. पठाण कळली की होडी कळली." पठाण म्हणजे नौकेचा तळचा कणा. ते खाली वाकले, पठाण जिथे नाळेला मिळते त्या जोडावर हात ठेवला आणि तिथून बोट वर सरकवत नाळ किती पुढे झेपावते ते दाखवलं. तेव्हापासून मी माप पठाणीपासूनच सुरू करतो.

सोबत हवं ते सामान: लांब टेप, एक स्टीलची पट्टी, ओळंबा, पाण्याची पारदर्शक नळी, मजबूत सुतळी, खडू, वही-पेन्सिल आणि एक माणूस. एकट्याने हे होत नाही.

आता कृती. नौकेच्या एका बाजूला, पठाणीला समांतर, नौकेच्या सर्वांत रुंद भागाच्या थोडी बाहेर एक सुतळी दोन खुंट्यांमध्ये ताणून बांधा. पाण्याच्या नळीने ती दोन्ही टोकांना एकाच पातळीत आणा. ही तुमची आधाररेषा. ती पठाणीच्या मध्यापासून दोन्ही टोकांना सारख्याच अंतरावर आहे ना, हे पुन्हा एकदा तपासा. इथे चूक झाली तर पुढची सगळी मापं वाकडी येतात.

सुतळीवर दर चार फुटांवर खूण करा. नाळेजवळ आणि मागच्या टोकाजवळ आकार झपाट्याने बदलतो, म्हणून तिथे दोन-दोन फुटांवर. प्रत्येक खुणेवर ओळंबा असा धरा की त्याचा दोरा सुतळीला चिकटून खाली लोंबेल. मग त्या दोऱ्यापासून नौकेच्या अंगापर्यंतचं आडवं अंतर मोजा: जमिनीलगत एक, मग दर सहा इंच उंचीवर एक, शेवटचं काठापाशी. सहकाऱ्याने पट्टी आडवी धरायची, तुम्ही वाचायचं, मोठ्याने म्हणायचं आणि लगेच लिहायचं. लिहिताना तक्ता असा करा की डावीकडे उंची, वर खुणेचा क्रमांक. कोऱ्या कागदावर सुटे आकडे लिहिले तर घरी गेल्यावर त्यांचा अर्थ लागत नाही.

नाळेचा बाक वेगळा घ्या. नाळेच्या वरच्या टोकापासून ओळंबा सोडा आणि दर सहा इंचांवर दोऱ्यापासून नाळ किती मागे आहे ते मोजा. लहान बाकांसाठी जाड तांब्याची वायर त्या जागी दाबून वळवा आणि तशीच कागदावर ठेवून आखून घ्या. मागची बाजू सपाट फळीने बंद केलेली आहे की निमुळती होत गेलेली आहे, सुकाणू किती बिजागऱ्यांवर टांगलं आहे, हे चित्र काढून नोंदवा. आपल्या नौका मिस्त्रींच्या नजरेने बांधलेल्या असतात, डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. म्हणून चार-पाच जागी पूर्ण रुंदीही मोजून ठेवा.

फोटो दूर जाऊन, झूम करून, बरोबर समोरून आणि बरोबर बाजूने काढा. जवळून काढलेल्या फोटोत नाळ फुगते आणि मागचा भाग लहान दिसतो. चौकटीत फूट-फूट रंगवलेली एक काठी उभी ठेवा.

कागदावर

घरी आल्यावर त्याच दिवशी आलेखाच्या कागदावर १:२४ मध्ये आकृत्या काढा: बाजूने, वरून आणि समोरून. समोरच्या आकृतीत प्रत्येक खुणेवरचा छेद येतो आणि तोच पुढे साचा होतो, म्हणजे ज्यावर फळ्या बसतात तो आडवा तुकडा. बिंदू हाताने जोडू नका. एक लवचीक पट्टी, प्लॅस्टिकची असो किंवा बांबूची चीप, बिंदूंवरून वाकवा. ती जिथे बिंदूला न शिवता सहज पुढे जाते, तिथे माप चुकलेलं असतं. पट्टीवर विश्वास ठेवा, आकड्यावर नको. खऱ्या फळीनेही तिथे असाच बाक घेतलेला असतो.

आणि एक गोष्ट नवख्यांकडून हमखास सुटते. तुम्ही मोजलंत ते फळ्यांच्या बाहेरून. प्रतिकृतीत फळी दोन मिलिमीटरची लावणार असाल, तर प्रत्येक साचा बाहेरच्या रेषेपासून दोन मिलिमीटर आत कापायचा. नाहीतर नौका दोन्ही बाजू मिळून चार मिलिमीटर जास्त रुंद होते, म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ चार इंच, आणि तिचा डौल जातो.

लाकूड, हत्यारं, बाजार

आपल्या चांगल्या नौका सागवानाच्या, म्हणून प्रतिकृतीही सागवानाची हवी असं वाटतं. पण सागाच्या रेषा मोठ्या आणि छिद्रं उघडी. लहान मापात ती भगदाडासारखी दिसतात. बारीक आणि एकसारख्या रेषांचं लाकूड हवं. हेदू, ज्याला बाजारात हळदू म्हणतात, उत्तम. पिवळसर आणि कापायला गुळगुळीत. शिवण हलकी आणि सहसा न वाकणारी. रे रोडच्या लाकूडबाजारात किंवा ओळखीच्या सुताराकडे छोटे तुकडे मिळतात. त्याच्याकडूनच दोन मिलिमीटरच्या पट्ट्या पाडून घ्या. ते जमलं नाही तर पहिल्या खेपेला आइसक्रीमच्या काड्याही चालतात, हे मी पूर्ण गंभीरपणे सांगतो. बाल्सा मात्र फळ्यांसाठी नको, नख लागलं तरी खड्डा पडतो. नाळेजवळची पोकळी भरायला तो ठीक. साच्यांसाठी तीन मिलिमीटरचा प्लायवूड.

हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट. बारीक दातांची करवत, कटर आणि भरपूर ब्लेड, दोन कानशी, हाताने फिरवायचं बारीक गिरमीट, चिमटा, स्टीलचा गुण्या, वेगवेगळ्या नंबरांचे पॉलिश पेपर. पकडीसाठी कपडे वाळवायचे चिमटे. चिकटवायला फेव्हिकॉल, फेव्हिक्विक फक्त तात्पुरतं धरायला, कारण त्याचा डाग पडलेल्या जागी नंतर तेल मुरत नाही. घासताना मास्क लावा, विशेषतः साग असेल तर.

मुंबईत वेगळी खोली कुणाकडे असते? दोन फूट बाय एक फुटाचा जाड प्लायवूड घ्या, सगळं काम त्यावरच करा, रात्री तो तसाच पलंगाखाली सरकवा. माझं काम वर्षानुवर्षं असंच चालतं.

बांधणी

पठाण आणि नाळ एकाच सलग तुकड्यातून न कापता जोड देऊन करा. लाकडाच्या रेषा बाकाला आडव्या गेल्या की नाळ पहिल्याच धक्क्याला मोडते. पठाणीला खाचा पाडून त्यात साचे बसवा, प्रत्येक साचा गुण्याने काटकोनात तपासा आणि एक रात्र वाळू द्या.

साचे वाळले की त्यांच्या कडा तासायच्या. फळी नाळेकडे तिरकी जाते, म्हणून पुढच्या साच्यांची कडही तिरपी हवी. एक पातळ पट्टी पाच-सहा साच्यांवरून टाकून बघा. ती प्रत्येक साच्यावर पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे. नुसत्या धारेवर टेकली तर अजून घासा, अधांतरी राहिली तर तिथे पातळ चीप चिकटवा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि नेमकी हीच नौकेचा आकार ठरवते.

फळ्यांचा हिशेब असा. मधल्या साच्यावर पठाणीपासून काठापर्यंत कागदाची पट्टी गुंडाळून लांबी मोजा. समजा ९० मिलिमीटर आली. सहा मिलिमीटरच्या फळ्या घेतल्या तर १५ लागतील. आता नाळेपाशी तीच लांबी मोजा. समजा ६० आली. तिथेही १५ फळ्याच मावायला हव्यात, म्हणजे प्रत्येक फळी पुढे चार मिलिमीटरची झाली पाहिजे. मधे सहा, पुढे चार, असा प्रत्येक फळीला निमुळता आकार द्या. नवखे सरळ पट्ट्या लावत सुटतात आणि अर्ध्यावर आल्यावर फळ्या नाळेकडे वर चढू लागतात. तिथून सुटका नाही.

पहिली फळी पठाणीलगत, दुसरी काठापाशी, मग दोन्हीकडून मध्याकडे या. एक फळी डाव्या बाजूला लावली की लगेच तिची जोडीदार उजव्या बाजूला. एकच बाजू पुढे नेली तर सांगाडा पिळतो. बाक तीव्र असेल तिथे पट्टी गरम पाण्यात भिजवा, चिमट्यांनी साच्यावर धरा, वाळल्यावर चिकटवा. ओली असताना चिकटवली तर सुकल्यावर आकसून फट पडते.

रंगाबद्दल थोडक्यात. जुन्या नौकांच्या लाकडाला माशाचं तेल पाजत, त्यामुळे ते गडद आणि मंद दिसे. प्रतिकृतीला जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरेसा. आजचा मचवा करत असाल तर भडक रंग, नाव आणि नोंदणी क्रमांक हवेतच. फक्त चकचकीत ऑइल पेंट नको.

डोलकाठी, शीड, दोर

युरोपीय चित्रं पाहिलेला हात डोलकाठी सरळ उभी करतो किंवा किंचित मागे झुकवतो. आपल्याकडची डोलकाठी पुढे झुकलेली असते. हा एक कोन चुकला की मचवा परका दिसू लागतो. तिच्यावर तिरपं चढतं ते लांबलचक परबाण, म्हणजे शीड बांधायची काठी, आणि परबाणावर शीड: जवळजवळ त्रिकोणी, पण पुढचं टोक कापल्यासारखं. दोन्ही काठ्या बांबूतून तासा. बांबू सरळ राहतो आणि टोकाकडे निमुळता करायला सोपा जातो.

शिडाच्या नौका आता बंदरात दिसत नाहीत, म्हणून या भागासाठी जुने फोटो आणि जुनी माणसं. कोळीवाड्यातल्या आजोबांना विचारा की शीड वर ओढायचा दोर कुठे बांधायचात, वारा पडला की परबाण कोण उतरवायचं. उत्तर देताना हात आपोआप हलतात. ते हात बघा.

शिडासाठी मंगलदास मार्केटमधलं सर्वांत तलम सुती कापड, ब्लाउजचं रुबिया चालतं. जोडाच्या शिवणी टाचू नका, १:२४ मध्ये टाका दोरखंडाएवढा दिसतो. टोकदार पेन्सिलीने रेघ ओढा. दोऱ्यासाठी सुती धागा घेतला तर तो मेणबत्तीच्या नव्हे, मधमाशीच्या मेणातून ओढा, म्हणजे बारीक तंतू बसतात.

मुंबईची हवा

पावसाळ्यात लाकूड फुगतं, हिवाळ्याच्या कोरड्या हवेत आकसतं. आणलेल्या पट्ट्या काही आठवडे घरातच ठेवा आणि फळ्या लावायचं काम शक्यतो नोव्हेंबर ते मार्चमध्ये करा. सुती दोरा दमट हवेत आखडतो. जुलैमध्ये ताणून बांधलेले दोर जानेवारीत लोंबतात आणि जानेवारीत तारेसारखे ताणलेले जुलैमध्ये डोलकाठी वाकवतात. किंचित सैल ठेवा. लोखंडी टाचण्या खाऱ्या हवेत गंजून लाकडावर काळे डाग सोडतात, म्हणून पितळेच्याच वापरा. नांगर किंवा तोफा शिशाच्या ओतू नका, बंद लाकडी पेटीत शिसं काही वर्षांत पांढरं पडून भुरभुरतं. काचेची पेटी हवीच, पण तिला तळाशी दोन बारीक भोकं ठेवा. पूर्ण हवाबंद पेटीत बुरशी धरते.

त्यानंतर

मचवा पूर्ण झाला की फत्तेमारी घ्या: दोन-तीन डोलकाठ्या, वर बाक घेतलेली पठाण, कोकण आणि मलबारची मालवाहू नौका. मग मोठं जहाज करायचंच असेल तर तेही मुंबईचंच करा. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी इथल्या गोदीत सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची शिडाची युद्धनौका, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे आजही तरंगते आहे. तिचे मूळ नकाशे घेऊन येणारं 'जावा' जहाज १८१२ साली अमेरिकी 'कॉन्स्टिट्यूशन'शी झालेल्या लढाईत नष्ट झालं, म्हणून नकाशे पुन्हा मागवावे लागले होते. ती 'लेडा' वर्गातली, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या फ्रिगेटींपैकी, असल्यामुळे त्या वर्गाचे नकाशे ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयातून मागवता येतात. तोफांच्या मजल्याची लांबी साधारण १५० फूट, म्हणजे १:९६ मध्ये पावणेएकोणीस इंच.

आंग्र्यांचं गुराब किंवा गलबत करावंसं प्रत्येक मराठी माणसाला वाटतं, मलाही वाटतं. पण ती नौका शेवटी घ्या. तिच्यासाठी मोजायला किनाऱ्यावर काही उरलेलं नाही. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांतून एवढं मिळतं: तीन डोलकाठ्यांचं गुराब ३०० टनांपर्यंत, दोन डोलकाठ्यांचं सुमारे दीडशे टनांचं, नाळ पुढे लांब आलेली आणि तिच्यावरून थेट समोर मारा करणाऱ्या तोफा, गलबत ७० टनांपर्यंत, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. बाकीचा आकार तुम्हाला फत्तेमारी आणि मचव्यावरून अंदाजाने भरावा लागेल. म्हणून पेटीत प्रतिकृतीशेजारी एक छोटं कार्ड ठेवा आणि त्यावर स्पष्ट लिहा: कुठलं माप वर्णनातून घेतलं, कुठलं आजच्या नौकेवरून, आणि कुठलं तुमच्या अंदाजाने.